लग्नातलं संगीत : सनई, मंगलाष्टकं, सोबाने, हलगी... कुठं काय आणि किती?

मार्कंडेयकाठ
नमस्कार मंडळी. चुलत बहिणीचं लग्न ठरलंय. आमचं घर खानापूर तालुक्यात, मराठी. नवऱ्याकडचे गोकाकचे, लिंगायत, घरात कन्नड. कार्यालय बेळगावात, साधारण 400 माणसं. मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. आदल्या दिवशी हळद गावातल्या घरी, लग्नानंतर संध्याकाळी वरात.
सनई प्रत्यक्ष ठेवावी की पेन ड्राइव्हवर भागवावं? कोणत्या विधीला काय वाजवावं? मंगलाष्टकात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं घालायची आहेत. तिकडच्या बायका सोबाने पदं (कन्नड लग्नगीतं) म्हणणार आहेत, त्यांची सोय कशी करायची? आणि पोरांना वरातीला डॉल्बी पाहिजे. सगळं नीट सांगा.

चौघडा
प्रत्यक्ष सनई ठेवा. हौसेपोटी म्हणत नाही, कामाची गोष्ट आहे. लग्नात वेळ कधीच ठरल्याप्रमाणे जात नाही. गौरीहराला मुलगी पाच मिनिटं जास्त बसली, मामा उशिरा आला, की रेकॉर्ड मध्येच संपते नाहीतर ऐन मंत्रात सुरू राहते. वाजवणारा माणूस समोर बघून थांबतो, लांबवतो, हळू करतो.

चार माणसांचा ताफा पुरे. दोन सनया : एक चाल वाजवणारी, दुसरी नुसता षड्ज धरणारी. जोडीला चौघडा किंवा संबळ, आणि एक झांजवाला. हल्ली दुसऱ्या सनईऐवजी इलेक्ट्रॉनिक सूरपेटी लावतात. चालतं, पण सूर धरणारी सनई असली की मुख्य वादकाला दम घ्यायला जागा मिळते आणि आवाज तुटत नाही. इसार देतानाच विचारा, सूर धरायला माणूस आहे की पेटी.

राग वेळेप्रमाणे मागा. पाहुणे साडेआठ-नऊला येणार असतील तर सुरुवात देसकार, अलैया बिलावल, जौनपुरी अशी. तोडी सुंदर, पण जड. नाष्ट्याच्या गडबडीत तिचा जीव जातो. साडेअकरानंतर वृंदावनी सारंग. 12:35 च्या मुहूर्ताला सारंगाइतकं नेमकं दुसरं काही नाही. जेवणं चालू असताना धून, भावगीतांच्या चाली, मग भीमपलास, पटदीप. भैरवी पाठवणीलाच. तयार सनईच्या संग्रहांत भैरवीची धून कुठंही मध्येच घुसवलेली असते. पेन ड्राइव्ह लावणार असाल तर आधी सगळं ऐकून ती शेवटी न्या.

आणि मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली असताना मोबाईल पुढं करून ‘हे गाणं वाजवा’ म्हणू नका. सनईवर गाणं बसवायचं तर ते कोणत्या स्वरापासून उचलायचं हे आधी बघावं लागतं. यादी आठ दिवस आधी द्या, पाच-सहा गाण्यांची. जास्त नको.

अँप्लिफायर
ताफा बसवायचा कुठं, हे चौघडांनी लिहिलं नाही, ते मी लिहितो. निम्मं काम तिथंच बिघडतं.

प्रवेशदाराशी बसवलं तर स्वागताला छान, पण अंतरपाट दिसत नाही. ‘सावधान’ झालेलं त्यांना कळत नाही, हार पडून जातात आणि वाजंत्री अर्ध्या मिनिटानं सुरू होते. म्हणून सकाळी दाराशी आणि बाराच्या आधी स्टेजच्या बाजूला, असे दोन ओटे ठेवा. स्टेजपासून 15-20 फूट लांब, भटजी सरळ दिसतील असे, आणि चौघड्याचं तोंड भटजींच्या माईककडं नको. कॉलर माईक सगळं खेचतो. चौघडा समोर असला तर सप्तपदीचे मंत्र त्याखाली गाडले जातात.

इशाऱ्याला एक माणूस नेमा. हातात रुमाल. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं की रुमाल वर, अंतरपाट हलला की खाली. ‘वाजवा रे वाजवा’ म्हणून चारी बाजूंनी ओरडायची गरज राहत नाही. तिकडच्या पाहुण्यांमधून ‘गट्टी मेळ’ची (कन्नडमधलं ‘वाजवा रे वाजवा’च) हाक येऊ शकते. वाजंत्र्यांनी हाकेवर जायचं नाही, रुमालावर जायचं, हे त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर एकाच लग्नात दोनदा मुहूर्त वाजतो.

सनईला माईक वाद्याच्या तोंडात घालू नये. दोन-तीन फुटांवर, वादकाच्या बोटांच्या उंचीला. सनईचा आवाज नुसत्या खालच्या पेल्यातून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो. पेल्यासमोर माईक धरला की आवाज चिरका होतो आणि लोक सनईला नावं ठेवतात. 400 माणसांच्या बंद हॉलमध्ये खरं तर चौघड्याला माईकच नको.

सूर_काळीचार
मंगलाष्टकांबद्दल लिहिते. आधी वेळेचा हिशोब. शार्दूलविक्रीडिताचं एक कडवं, चार ओळी, बेताच्या लयीत म्हटलं तर 50 सेकंद. आठ कडवी म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंद. प्रत्येक कडव्यानंतर ‘सावधान’ आणि अक्षता, त्याचे पाच-सहा सेकंद धरा. एकूण साडेसात मिनिटं. म्हणजे तुमची सुरुवात 12:27 ला. आत्या, मावशी, मैत्रीण असं करत बारा कडवी झाली तर चार मिनिटं वाढली, आणि मुहूर्त टळतो तो इथंच. गाणारे चारच ठेवा, दोन इकडचे, दोन तिकडचे, प्रत्येकी दोन कडवी. वेळ उरली तर भटजी ‘तदेव लग्नं’ म्हणून भरून काढतात, त्याची चाल वेगळी आणि वेगही जास्त. म्हणून आपली कडवी थोडी कमी असलेली बरी.

पट्टीचं आधी बघा (पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकानं ती सांगतात). बायकांना साधारण काळी चार-पाच, पुरुषांना काळी एक-दोन सोयीची. सनईची पट्टी वाद्याच्या लांबीवर ठरते. पत्ती किंचित आत-बाहेर करून जरासा फरक पडतो, पण काळी एकची सनई काळी चारची होत नाही. तरी अडत नाही. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. सूर धरणाऱ्याला सांगा, बायका म्हणतील तेव्हा पंचम धर, पुरुष म्हणतील तेव्हा षड्ज. एवढं आदल्या दिवशी फोनवर ठरवलं तरी पुरतं. हे केलं नाही की पहिली बाई सनईच्या षड्जावर उचलते आणि तिसऱ्या ओळीत आवाज पोचत नाही.

आता नावं. वृत्त म्हणजे 19 अक्षरं, गण म स ज स त त आणि शेवटी ग, बाराव्या अक्षरावर थांबा. ‘गंगा सिंधु सरस्वती च यमुना’, इथं बारा होतात. मग ‘गोदावरी नर्मदा’, ही सात. (याच श्लोकात पुढं कावेरीही येते. सीमेवरच्या लग्नाला याहून चांगली सुरुवात कुठली?) गुरू-लघू असे :

गुरू गुरू गुरू, लघू लघू गुरू, लघू गुरू लघू, लघू लघू गुरू — थांबा — गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, गुरू.

नाव कुठं बसतं ते यावरून काढायचं. ‘सावित्री’ तिन्ही गुरू, म्हणजे ओळीच्या सुरुवातीलाच. ‘रेणुका’ गुरू-लघू-गुरू : सहाव्या अक्षरापासून, चौदाव्यापासून किंवा ओळीच्या अगदी शेवटी. ‘विठ्ठल’ गुरू-लघू-लघू : तिसऱ्यापासून किंवा आठव्यापासून. ‘कमल’ तिन्ही लघू, नवव्यापासून. नाव भलत्या जागी कोंबलं की म्हणणारी ते ताणते, ‘वीठ्ठाला’ होतं आणि मांडवात कुजबूज सुरू होते.

नमुन्याला एक ओळ : ‘दारी तोरण लाविले, सनइचा आला घरी सूर हा’. यात ‘सनईचा’मधली ई ऱ्हस्व करून घेतलीय. अशी सूट वस्तूंच्या नावाला चालते. माणसाच्या नावाला कधी घेऊ नका, ज्याचं नाव आहे तो समोर बसलेला असतो.

मार्कंडेयकाठ
बापरे, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. नवऱ्या मुलाचे आजोबा मल्लिकार्जुन, आमची आजी सुनंदा. ही दोन बसतील का एका ओळीत?

सूर_काळीचार
मल्लिकार्जुन : गुरू लघू गुरू लघू लघू. सहाव्या अक्षरापासून बरोबर बसतं. सुनंदा : लघू गुरू गुरू, पंधराव्यापासून. दोन्ही एकाच ओळीत येतात, थांब्याच्या दोन बाजूंना. ओळ तुम्ही करा, मी तपासून देते.

वनमाला
सोबाने पदांचं मी सांगते. या पदांना मुख्य दोघी-तिघी ओळ उचलतात आणि बाकीच्या ‘सोबाने’ हे पालुपद धरतात. म्हणून एकच माईक हातोहात फिरवायचा नाही. फिरवला की उचलणाऱ्या ऐकू येतात, पालुपद हरवतं, किंवा उलट. बायका जमिनीवर अर्धगोल बसतात, मध्ये ठेंगण्या स्टँडवर एक माईक, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, दीड-दोन फूट लांब. उचलणाऱ्या मध्ये, बाकीच्या कडेला. वाद्याची साथ देऊ नका, पेटीसुद्धा नको. या बायका पद चढवत-उतरवत म्हणतात, पेटी त्यांना एका जागी बांधून घालते.

त्यांना वेळ कोणती देताय, ते आजच तिकडच्या वडीलधाऱ्या बाईला फोन करून विचारा. हळद लावताना आणि आरतीच्या वेळी, असं साधारण असतं. ‘वेळ मिळाला तर म्हणा’ असं सांगितलंत तर वेळ कधीच मिळत नाही. दहा मिनिटं पत्रिकेवरच्या कार्यक्रमात धरा आणि तेवढा वेळ सनई पूर्ण बंद.

तसंच आपल्याकडच्या हळदीचं. ओव्या म्हणणाऱ्या बायका असतील तर जात्याजवळ माईक नेऊच नये, जात्याची घरघर तेवढी ऐकू येते. ओसरीत बसलेल्या वीस-तीस माणसांना उघडा आवाज पुरतो.

वचनगायन (बसवण्णा वगैरे शरणांची कन्नड वचनं) ठेवणार असतील तर दोन वचनं, पेटी-तबल्यावर, मिळून सात-आठ मिनिटं. अक्षता पडून गेल्यावर, लोक जेवायला उठायच्या आधी. जेवणाच्या रांगेपुढं वचनं ठेवू नयेत, शब्द ऐकायचे असतात ते.

खानापूर_लोंढा
वरातीचं. दोन हलग्या, एक घुमकं, एक कैताळ. गावातल्या गल्लीला एवढं भरपूर. कातडी हलगी निघण्याआधी शेकावी लागते, नाहीतर आवाज बसका येतो. आमच्याकडं मे अखेरीला वळीव पडला, हवा दमट झाली, की अर्ध्या तासात पान सैल पडतं. मग परत शेकणं आलं. म्हणून वाटेत दोन ठिकाणी शेकायला कडबा किंवा कागद आणि आडोसा ठरवून ठेवा, मांडवाच्या कापडापासून लांब. फायबरच्या, नटबोल्टानं ताणायच्या हलग्या मिळतात, पावसात टिकतात, पण आवाज कोरडा. जून उजाडणार असेल तर एक कातडी, एक फायबर असं सांगा.

नवऱ्याकडचे करडी मजल (तिकडचा करडी ढोलाचा ताफा) आणणार असतील तर विचारून घ्या. त्यातही सनई असते. हलगी आणि करडी एकदम वाजवायची नाही, दोघांचे ठेके एकमेकांवर पडतात. चौकात थांबून आळीपाळीनं दहा-दहा मिनिटं.

डॉल्बी मला नको वाटते. अरुंद गल्लीत भिंतीला भिंत लागून, जुनी कौलं, म्हातारी माणसं. हलगीवर नाचायला पोरं तयार नसतात हा गैरसमज आहे. ठेका चढवणारा हलगीवाला मिळाला तर नाचतातच.

निपाणीकर
नियम लिहून ठेवतो, आयत्या वेळी वाद नको. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बंद. बंद सभागृहात आतल्या आत चालतं. 2010 च्या दुरुस्तीनंतर हे नुसत्या स्पीकरला नाही, वाद्यांनाही लागू आहे, म्हणजे रात्री दहानंतर रस्त्यावर हलगीही नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल ते. निवासी गल्लीत म्हणजे 65. डॉल्बी त्यात बसूच शकत नाही. वाटेत दवाखाना, शाळा, कोर्ट असेल तर भोवतालचा किमान 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तिथं वाद्यं थांबवून पुढं जा.
वरात साडेसातला निघाली पाहिजे. साडेआठला निघाली तर दहाला दारात पोचत नाही.

गाण्यांच्या परवान्याचं : कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(झेडए). धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ स्पष्ट लिहिलेत. जुलै 2023 मध्ये केंद्राच्या उद्योग खात्यानं तशी जाहीर सूचनाही काढली. गोव्याच्या रिसॉर्टवर लग्न नेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की गोवा सरकारनं याच विषयावर काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केलंय. तिथं परवान्याचा विषय कार्यालयाशी आधीच बोलून लेखी घ्यावा.

अँप्लिफायर
पेन ड्राइव्ह किंवा मोबाईल जेवणाच्या वेळेला लागणारच, तेव्हा त्याबद्दल.

मोबाईल फ्लाइट मोडवर, गाणी फोनमध्ये उतरवलेली. ॲपवरून थेट लावलं की अंतरपाटामागं मुलगी उभी आणि स्पीकरवर जाहिरात, असं होतं. ब्लूटूथ नको, खिशात फोन घेऊन कुणी जेवायला गेला की आवाज तुटतो. वायरनं जोडा. वायर जोडल्यावर घुंई ऐकू आली तर आधी चार्जर काढा. फोन चार्जिंगला आणि मिक्सर दुसऱ्या प्लगवर असला की अर्थिंगमधून ती येते. फोन रात्रीच पूर्ण चार्ज करा. फायलींना 01, 02 असे आकडे द्या आणि सगळ्यांचा आवाज सारखा करून घ्या.

मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांची लय मागं का पडते? हॉलच्या टोकाचा बॉक्स 100 फुटांवर असेल तर तिथला आवाज त्यांच्या कानावर जवळजवळ 90 मिलिसेकंद उशिरा येतो. त्या स्वतःच्याच आवाजाची वाट बघत म्हणतात आणि कडवं लांबत जातं. सूर_काळीचार यांनी धरलेले 50 सेकंद सहज 60 होतात. उपाय सोपा आहे, गाणाऱ्यांच्या पायाशी एक छोटा बॉक्स, त्यांच्याकडं तोंड करून, हळू आवाजात. मोठे बॉक्स मात्र कायम माईकच्या पुढं, लोकांकडं तोंड करून. माईक बॉक्सच्या समोर आला की शिट्टी. माईकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी. तोंडापासून चार बोटं, मूठ खाली.

भटजींचा कॉलर माईक उपरण्याला लावू नका, प्रत्येक आहुतीला खरखर होते. आतल्या कापडाला, हनुवटीखाली दोन तळहात. सेल नवे, आणि लाजाहोमाआधी बदला, निम्मे संपेपर्यंत वाट बघू नका. लाईट गेली की जनरेटर येईपर्यंत मिक्सर बंद पडतो, म्हणून मिक्सर आणि माईकच्या रिसीव्हरला छोटा यूपीएस. सनईला त्याची फिकीर नाही. लाईट जाते तेव्हा कार्यालयात तेवढाच आवाज राहतो, आणि लोक एकदम गप्प होऊन ऐकतात.

वनमाला
काय वाजवायचं यावर सगळे बोलले. कुठं वाजवायचं नाही, तेही लिहून ठेवा. कन्यादानाचा संकल्प, सप्तपदी आणि झाल (मुलीला सासरच्यांच्या हवाली करण्याचा विधी). या तीन वेळा पूर्ण शांत. झालीला दोन्हीकडच्या बायका गाणं म्हणतात, आईचा कंठ भरलेला असतो, तिथं स्पीकरवर पाठवणीचं रडकं गाणं लावणं म्हणजे तिच्यावर ओझं आहे. भैरवी मुलगी गाडीत बसताना, बाहेर, माईकशिवाय.

चौघडा
वनमालाताईंशी पूर्ण सहमत. लाजाहोमाला मात्र हळू संबळ चालतो.
एक राहिलंच. वाजंत्र्यांना आल्या आल्या चहा-नाष्टा, आणि सनईवाल्याला पत्ती भिजवून सूर लावायला 20 मिनिटं द्या. जेवण पहिल्या पंगतीबरोबर, पाहुण्यांसारखं बसवून. त्या वेळेला पेन ड्राइव्ह लावा, तेवढाच त्याचा खरा उपयोग. शेवटी उरलंसुरलं वाढलेल्या माणसाकडून भैरवी मागू नये.

मार्कंडेयकाठ
सगळ्यांचे आभार. सनई ठरली, चार माणसं, सूर धरणाऱ्यासकट. डॉल्बी रद्द, 65 चा आकडा सांगितल्यावर पोरं गप्प बसली. गोकाकला काकूंना फोन केला, सोबाने हळदीला आणि अक्षतेनंतर आरतीला.
ओळ केली. ‘मल्लिकार्जुन आजोबा बघ उभे, आजी सुनंदा तशा’. बघा की जरा.

सूर_काळीचार
दुसरा भाग चोख आहे, हात लावू नका. पहिल्या भागात ‘मल्लिकार्जुन’ सुरुवातीला घेतलंत, तिथं तीन गुरू लागतात, म्हणताना ‘मल्लीकार्’ होईल. अक्षरं मात्र बरोबर बारा झालीत. ‘आजोबा’ तिन्ही गुरू आहे, त्याला पुढं आणा :

आजोबा बघ मल्लिकार्जुन उभे, आजी सुनंदा तशा

आता म्हणून बघा, ‘उभे’वर थांबून.

मार्कंडेयकाठ
बसलं! आजीला म्हणून दाखवलं. दोनदा म्हणायला लावलं तिनं.